रक्तपाळीच्या तीन वह्या

पेणच्या ज्या वाचनालयात मी दर शनिवारी जाते, तिथे काही वर्षांपूर्वी आम्ही हस्तलिखितांची एक स्पर्धा ठेवली होती. वय पंधरा ते वीस, भाषा मराठी, विषय कुठलाही. परीक्षक दोघंच. एक वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना निम्मं गाव अजूनही ‘सर’ म्हणतं. आणि दुसरी मी. मी शिक्षिका नाही, लेखिकाही नाही. रोह्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. लोकांचं रक्त काढायचं, तपासायचं आणि रिपोर्ट छापायचे, हे काम मी तेव्हा बावीस वर्षं करत होते. पण वाचायचं वेड लहानपणापासूनचं. लग्नाआधी आम्ही पेणलाच राहायचो, तेव्हापासून मी या वाचनालयाची सभासद. सरांनी विचारलं तेव्हा मला नाही म्हणवलं नाही.

अकरा हस्तलिखितं आली. बरीचशी अपेक्षेप्रमाणे होती. आईवरच्या कविता, सीमेवरचा जवान, एका मुलाने लिहिलेल्या गावाकडच्या नीटनेटक्या गोष्टी. आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन जाड वह्या. वरच्या वहीवर स्केचपेनने लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘रक्तपाळी’. त्याखाली बारीक अक्षरांत, ‘व्हॅम्पायरच्या राज्यातली कादंबरी’. लेखिका पेणजवळच्या जोह्याची, अकरावीत शिकणारी, वय सतरा.

सरांनी पहिलं पान वाचलं, मधलंच एक पान उघडून पाहिलं आणि वह्या माझ्याकडे सरकवल्या. त्यांचं म्हणणं पडलं की रक्तपिपासू वगैरे आपल्याकडचं नाही, हे सगळं मोबाइलवरून आलेलं आहे. आणि शीर्षक तर चारचौघांत उच्चारायचं कसं? ‘पाळी’ या शब्दाने ते अवघडले होते. मी म्हटलं की पाळी म्हणजे शिफ्टसुद्धा, कंपनीत जाणारी माणसं तो शब्द रोज वापरतात. ते म्हणाले, तुम्ही वाचा आणि मला काय ते सांगा. म्हणजे त्यांच्या लेखी ती कादंबरी बाद झाली होती.

वह्या पिशवीत घालून मी रोह्याला जाणारी गाडी पकडली. गाडीत बसायला जागा होती. मी वही उघडली, पर्समधून लाल पेन काढलं आणि कोऱ्या कागदावर एक, दोन, तीन असे आकडे घालायला लागले. कासू स्टेशन येईपर्यंत कागदावर सात चुका लिहून झाल्या होत्या.

गोष्ट अशी होती. पुढे कधीतरी खाडीचे बांध फुटतात, खारं पाणी आत येतं, शेतं जातात. आभाळात कायमची राख असते, ऊन असं फारसं पडतच नाही. अशा वेळी डोंगराकडून ‘फिके’ येतात. व्हॅम्पायरना तिने दिलेलं हे नाव मला आवडलं. फिके लोक भिंत बांधतात, औषधं देतात, धान्य देतात, आणि बदल्यात प्रत्येक घराने पाळीपाळीने रक्त द्यायचं असतं. भोंगा झाला की ज्याची पाळी असेल त्याने रांगेत उभं राहायचं. प्रत्येकाकडे एक कार्ड. रक्त पातळ झालं की कार्डाचा रंग बदलतो, आणि पांढरं कार्ड मिळालेल्या माणसाला ‘पलीकडे’ पाठवतात. तिथून कोणी परत येत नाही. सोळा वर्षांच्या नायिकेचा बाप असाच पलीकडे गेलेला आहे.

इथपर्यंत ठीक. पण हे सगळं तिने पहिल्या चाळीस पानांत, कोणीतरी इतिहासाच्या पुस्तकातला धडा वाचून दाखवावा तसं सांगून टाकलं होतं. मग नायिका एका जंगलात जाते, तर तिथे बर्फ पडत असतो आणि सुचीपर्णी झाडं असतात. ही झाडं पेण तालुक्यात कुठून आली, असं मी कागदावर लिहिलं. मग तो येतो. फिक्यांच्या सरदाराचा मुलगा, दिसायला एकोणीसचा, वयाने तीनशेचा, काळा लांब कोट घातलेला. तो असं बोलतो: ‘हे मानवकन्ये, तुझ्या डोळ्यांत मला माझं हरवलेलं मनुष्यत्व दिसतं.’ त्याच्यापुढे मी लाल पेनाने फक्त एक आडवी रेघ मारली. पहिल्या वहीत उन्हाचा कवडसा पडला तरी फिक्यांची कातडी जळते. नंतर वाचल्यावर दिसलं की दुसऱ्या वहीत हाच मुलगा भर दुपारी मिठागराच्या बांधावर उभा राहून तिच्याशी तासभर गप्पा मारतो. माझ्या धंद्यातली चूक तर मला लगेच दिसली. गावभरचं रक्त हे लोक एकाच टाकीत ओततात. वेगवेगळ्या गटांचं रक्त असं एकत्र केलं तर त्याच्या गुठळ्या होतील, आणि तसंही उघडं रक्त काही मिनिटांत गोठतं. हे मी जरा खुशीतच लिहिलं. दुसऱ्याची चूक आपल्याला नेमकी माहीत असलेल्या विषयात सापडली की होते तशी खुशी.

नागोठणे गेल्यावर मी तिसऱ्या प्रकरणाला लागले. नायिकेची रक्त द्यायची पहिली वेळ. एका मोठ्या हॉलमध्ये मुली रांगेत उभ्या आहेत. समोर टेबल, टेबलामागे एक फिकी बाई. पांढरा कोट, तोंडावर पट्टी. ती मान वर करत नाही. तिला फक्त दंड दिसतात. निळा पट्टा बांधते आणि म्हणते, ‘मूठ आवळ. सोड. पुढची.’ पुन्हा पट्टा. ‘मूठ आवळ. सोड. पुढची.’ एक मुलगी रडत असते, तिलाही तेच. नायिका मनात म्हणते की हिला दात नसले तरी चालेल, हिची सुई पुरे आहे.

मी वही मिटली. कारण ते शब्द माझे होते. अगदी त्याच क्रमाने. मूठ आवळ, सोड, पुढची. लॅबमध्ये एकेकटा पेशंट आला तर मी चार शब्द जास्त बोलते, पण शिबिरात, शाळेत, शंभर-दीडशे मुलींची रांग असते तेव्हा एवढंच. निळा पट्टाही माझाच. मी शाळाशाळांतून हिमोग्लोबिनची शिबिरं केली होती, पेण तालुक्यातही केली होती. मला आधी राग आला. आपण उन्हातान्हात जाऊन मुलींची तपासणी करायची आणि आपल्यालाच पिशाच करून वहीत बसवायचं. मग मनात आलं की ‘मूठ आवळ, सोड’ हे तर सगळ्याच लॅबवाल्या बायका म्हणत असतील. रोहा आलं, मी उतरले, घरी जाऊन भाकऱ्या केल्या. वही पिशवीतून काढलीच नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारचं आवरल्यावर मी पुढे वाचलं, आणि सातव्या प्रकरणाशी थांबले. तेव्हा पेन हातात नव्हतं.

फिक्यांच्या राज्यात एक नियम असतो. मुलींची महिन्याची पाळी सुरू असेल तर चार दिवस त्यांचं रक्त घेत नाहीत. आपोआप वाया जाणाऱ्या रक्ताची फिक्यांना शिसारी असते, त्याचा वासही त्यांना सहन होत नाही. म्हणून या मुलींना मिठाच्या एका जुन्या गोदामात चार दिवस कोंडून ठेवतात. तिथे कोणी फिरकत नाही, पहारेकरीसुद्धा लांब उभा राहतो. आणि सगळ्या राज्यात तीच एक जागा अशी असते जिथे कोणी त्यांच्यावर नजर ठेवत नाही. मुली तिथे आधी नुसत्या झोपतात. मग बोलायला लागतात. एकीला बांधाच्या उघडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी काम असतं, तिला भरती-ओहोटीच्या वेळा पाठ असतात. एकीला कार्डावर शिक्के मारायचं काम असतं. चार दिवसांनी काहीजणी बाहेर जातात, नव्या येतात, आणि अर्धवट राहिलेलं बोलणं नव्या मुलींना सांगून जातात. असं महिनोन् महिने. बंड तिथे शिजतं. प्रकरणात कोणी भाषण करत नाही, कोणी रडत नाही, बर्फ पडत नाही. एक मुलगी दुसरीच्या डोक्यातल्या उवा काढता काढता तिला पहारेकऱ्याच्या वेळा सांगते.

माझ्या माहेरीही बाजूला बसायची पद्धत होती. त्या चार दिवसांबद्दल कोणी असं लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. मोठमोठ्या लेखकांनी लिहिलेलं वाचलं होतं, पण त्यात त्या बाईची दया तरी असायची किंवा रूढीवर टीका तरी. तिथे बसून दोघीतिघी काहीतरी ठरवू शकतात, हे या पोरीला सुचलं होतं.

तिसऱ्या वहीत पुन्हा घसरगुंडी होती. नायिकेचं रक्त जगात कोणाचंच नाही अशा गटाचं निघतं. मेलेला बाप जिवंत परत येतो. तो कोटवाला मुलगा तिच्यासाठी उन्हात जळून मरतो, आणि साडेतीन पानांत क्रांती होऊन जाते. मी यादी पुरी केली. दोन पानं भरली. खाली वेगळ्या शाईने लिहिलं: ‘प्रकरण तीन आणि सात यांना हात लावू नये.’

पुढच्या शनिवारी मी सरांना सांगितलं की या कादंबरीला मला गुण देता येणार नाहीत. का, असं त्यांनी विचारलं. बहुतेक मी तिच्यात आहे, असं मी म्हटलं. त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. सगळं ऐकल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, मग खात्री करून घ्या. आणि तुम्ही गुण देणार नसाल तर मला ती अथपासून इतिपर्यंत वाचावी लागेल. त्यांच्या चेहऱ्यावरून ते त्यांना फारसं आवडलेलं दिसत नव्हतं, पण काम अर्धवट टाकणारा माणूस तो नव्हे. वह्या त्यांच्याकडे ठेवून, लिखाण मुलीचं स्वतःचं आहे ना हे पाहायच्या निमित्ताने, मी दुसऱ्या दिवशी जोह्याला गेले.

हमरापूर फाट्यावर उतरून आत गेलं की घरोघर गणपतीचे कारखाने. मुलीचं घर विचारत गेले, तर ती आणि तिची आई दोघी शेजारच्या कारखान्यातच होत्या. आई आखणीचं काम करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. मुलगी सुट्टीच्या दिवशी पॉलिश पेपरने मूर्ती घासायला येते. दोघींच्या भुवयांवर पांढरी भुकटी होती. मी वाचनालयातून आले म्हटल्यावर मुलगी उभी राहिली आणि हात ओढणीला पुसत राहिली. बारीक, उंच, नजर खाली. आईनेच बोलायला सुरुवात केली. ही घरात बोलत नाही, वडील पहिल्या पाळीला गेले की दार लावून लिहीत बसते, काय लिहिते ते दाखवत नाही. मग आईने मला विचारलं, “वाईट काय लिवलं नाय ना मॅडम?”

मी म्हटलं, नाही, चांगलं लिहिलंय, आणि जरा कच्चंही आहे. मुलीने ‘कच्चं’ या शब्दावर मान वर केली.

चहा झाल्यावर मी तिला विचारलं की तिसऱ्या प्रकरणातली ती टेबलामागची बाई कुठून आली. ती सांगायला लागली आणि मग थांबेना. दहावीत असताना शाळेत शिबिर झालं होतं. मुलींना रांगेत उभं केलं. कशाला रक्त घेतात ते कोणी सांगितलं नाही. एका बाईने रक्त काढलं आणि एका बाईने बिस्किटाचा पुडा दिला, आणि बऱ्याच जणी पुड्यासाठी खूश होत्या. ते बघून आपल्याला भीती वाटली, असं ती म्हणाली. तेव्हा मला आठवलं की कादंबरीत रक्त दिल्यावर प्रत्येकाला गुळाचा खडा मिळतो, आणि लहान पोरं आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतात. वाचताना त्या गुळापाशी मी थबकले होते, पण तो आमच्या शिबिरातून आला असेल हे मला कळलं नव्हतं.

“आणि रिपोर्ट?” मी विचारलं.

“रिपोर्ट आलाच नाय,” ती म्हणाली. “आमचं रक्त, आणि त्यात काय हाय ते त्यांना म्हाईत. आमाला नाय.”

पुढचं आईने सांगितलं. त्यानंतर दोन महिन्यांनी पोरगी याच कारखान्यात चक्कर येऊन पडली. पेणला डॉक्टरकडे नेलं, तिथे तपासलं तर हिमोग्लोबिन सातच्या आसपास. गोळ्या, इंजेक्शनं, तीन महिने गेले. डॉक्टरने विचारलं की आधी कधी तपासलं नाही का, तर काय सांगणार? शाळेत रक्त घेतलं होतं एवढंच ठाऊक.

मी शाळेचं नाव विचारलं. तिने सांगितलं. त्या शाळेत मी गेले होते. चहाबद्दल आभार मानले आणि परत निघाले.

सोमवारी लॅबमध्ये गेल्या गेल्या मी जुनं रजिस्टर काढलं. शिबिराची पानं माझ्याच अक्षरात होती. तिचं नाव सापडलं, नावापुढे आकडा होता, आकड्याखाली मी स्वतः लाल रेघ मारलेली होती. म्हणजे त्या दिवशी मला कळलं होतं की या मुलीला ताबडतोब औषध हवं. पानाच्या तळाशी शेरा होता, ‘यादी शाळेस पाठवली’, आणि त्यापुढे बरोबरची खूण. यादी गेली होती, वेळेवर गेली होती. पुढे ती कोणाच्या टेबलावर राहिली, कोणाच्या कपाटात गेली, मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं. लाल रेघेच्या आणखी अकरा मुली होत्या त्या पानावर. त्यांचं काय झालं हेही मला आजवर नीट कळलेलं नाही. शाळेत विचारपूस केली तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणी शाळा सोडून गेल्या होत्या, दोघींची लग्नं झाली होती.

त्या आठवड्यात मी रजिस्टर दोनदा बंद करून पुन्हा उघडलं. माझी चूक होती असं कोणी म्हटलं नसतं. मालकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते की आपलं काम यादी पाठवायचं. मीही बावीस वर्षं तेच म्हणत आले होते.

शनिवारी मुलीला वाचनालयात बोलावून घेतलं होतं. मासिकांच्या टेबलाशी आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मी मनात बरंच जुळवून ठेवलं होतं, पण शेवटी सरळच सांगितलं की ती टेबलामागची बाई मी आहे.

तिला आधी समजलं नाही. मग समजलं. ती माझ्याकडे बघत राहिली, माझ्या नाकातोंडावर पट्टी आहे असं समजून बघावं तशी.

“तुम्हाला मी आठवते?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

“मग बरोबर लिहिलंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. एखादं गणित पडताळून पाहिल्यासारखं ती बोलली. मी तिला रजिस्टरमधल्या पानाबद्दल सांगितलं, लाल रेघेबद्दलही सांगितलं. माफ कर, असं म्हटलं. त्यावर तिने टेबलावरचं मासिक सरळ केलं, पुन्हा वाकडं केलं. मग म्हणाली की बाईच्या हातात रजिस्टर द्यायला हवं होतं, ते आपल्याला सुचलंच नाही. फिक्या बाईला सगळं माहीत असतं आणि ती फक्त खूण करते, हे जास्त भयंकर होईल. एवढं बोलल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती लाजली. मी म्हटलं, लिही तसं.

मग तिनेच यादी मागितली. मी कच्चं म्हटलं होतं ते तिच्या मनात राहिलं होतं. आम्ही दोन तास यादीवर बसलो. बर्फावर ती लगेच कबूल झाली. हसून म्हणाली की मी बर्फ कधी पाहिलाच नाही, पण व्हॅम्पायर म्हटलं की बर्फ पाहिजे असं वाटलं. त्यावर मला माझीच गोष्ट आठवली. तिच्याच वयाची असताना मी एक वही भरून प्रेमकथा लिहिली होती, ती स्वित्झर्लंडमध्ये घडत होती, आणि मी तोवर पनवेलच्या पलीकडे गेले नव्हते. ती वही मी बारावीच्या सुट्टीत बंबात घातली. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “जाळायला नको होती.”

रक्त गोठण्याचं मात्र तिला पटेना. टाकी हवी, टाकीशिवाय ते दृश्य उभंच राहत नाही. मी जांभळ्या टोपणाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेलं असतं हे सांगितलं, तेव्हा तिने ते लगेच लिहून घेतलं. कोटवाल्या मुलाचा विषय निघाला तशी तिने पेन खाली ठेवलं. मी समजावलं की बाकीची माणसं तू बघितलेली आहेत, हा एकटाच ऐकीव आहे. तो बोलायला लागला की पडद्यामागून कोणीतरी डबिंग करतंय असं वाटतं. तिने सगळं ऐकून घेतलं. “बोलणं बदलते,” ती म्हणाली, “पण तो राहणार.”

सरांनी तोवर तिन्ही वह्या वाचल्या होत्या. पेन्सिलीने ऱ्हस्वदीर्घाच्या सगळ्या चुका दुरुस्त केल्या होत्या, पान न् पान. मुलगी घरी गेल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. भाषा ढिसाळ आहे, रचना विस्कळीत आहे, शेवट गुंडाळलेला आहे, असं एकेक सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, “आमची मंडळी तीस वर्षं महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत बसायची. तिथे ती काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. परवा विचारलं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, झोपायचे. तेवढीच झोप मिळायची.”

मग त्यांनी निकालाचा कागद काढला. पहिला नंबर त्यांनी त्या नीटनेटक्या गोष्टींच्या मुलाला दिला. माझीही हरकत नव्हती. त्या मुलाने जे हाती घेतलं ते तडीस नेलं होतं. ‘रक्तपाळी’ला उत्तेजनार्थ, आणि बक्षीस समारंभात एका प्रकरणाचं वाचन. कुठलं प्रकरण वाचायचं ते लेखिकेने ठरवावं, असं सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

समारंभाला जोह्याहून सातआठ बायका आल्या, कारखान्यातून थेट, साडी बदलून. वडिलांनी पाळी बदलून घेतली होती. ते मागे दाराशी उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मुलगी वाचायला उभी राहिली आणि आधी घाबरून भलतंच पान वाचायला लागली. कोटवाल्याचं पान. ‘हे मानवकन्ये’ म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. मला वाटलं ती आता खाली बसेल. तिने वहीत बघितलं, पोरांकडे बघितलं आणि तीही हसली. म्हणाली की हे अजून बदलायचं राहिलंय. मग सातवं प्रकरण काढलं.

गोदामाचं दार बंद होतं इथपासून तिने सुरुवात केली. वाचन काही चांगलं नव्हतं, शब्द खात होती. पण थोड्या वेळाने सभागृहात खुर्च्यांचा आवाज थांबला. कारखान्यातल्या बायका आधी एकमेकींकडे बघत होत्या, पुरुषांसमोर हे वाचतात म्हणून पदर सावरत होत्या. उवा काढण्याच्या जागी त्यांच्यातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “व्हय, असंच असतं गो.” कोणी हसलं नाही. वाचन संपल्यावर टाळ्या जेमतेम वाजल्या, लोकांना संपलं हेच कळलं नव्हतं. मुलगी जागेवर येऊन बसली तेव्हा तिची आई तिच्याकडे न बघता समोरच बघत होती, पण तिचा हात मुलीच्या पाठीवर होता.

उत्तेजनार्थ मिळाल्याचा तिला राग आला होता, हे तिने मला जाताना सांगितलं. “नेटकं नाय म्हणून?” असं विचारलं. मी हो म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. दोन महिने ती वाचनालयात फिरकली नाही.

त्या दोन महिन्यांत मी लॅबच्या मालकांशी बोलले. शिबिरात प्रत्येक मुलीच्या हातात तिचा आकडा लिहिलेली चिठ्ठी द्यायची आणि आकडा कमी असेल तर घरच्यांना फोन करायचा, असं मी मांडलं. त्यांनी आधी माणसं कुठून आणू विचारलं. मी म्हटलं, फोन मी करते. ते तयार झाले. अजून करते मी फोन. निम्मे लोक नंबर चुकलाय म्हणून ठेवून देतात. रांगेत मुली आल्या की नाव विचारते; शंभराव्या मुलीला मी पुन्हा ‘पुढची’ म्हणते, हेही खरं आहे. सवय जाता जात नाही.

ती परत आली तेव्हा टाइप केलेला गठ्ठा घेऊन आली. पहिली चाळीस पानं बारा झाली होती. बर्फ गेला होता, जंगलाच्या जागी करवंदीच्या जाळ्या आल्या होत्या. टाकीत औषध घालणारा एक माणूस आला होता आणि तो फारच चांगला जमला होता. बाप या खेपेला परत येत नव्हता. ते लिहायला मला फार जड गेलं, असं ती म्हणाली. बाई रजिस्टरवर लाल रेघ मारत होती. नायिकेचं अद्भुत रक्त मात्र तसंच होतं, आणि शेवट अजूनही धावत सुटलेला होता. कोटवाला होताच. आता तो आमच्यासारखं बोलत होता, त्यामुळे निदान ऐकू येत होता.

आता ती पेणलाच बी.ए.ला आहे. कादंबरी छापलेली नाही. दोन प्रकाशकांना पाठवली; एकाचं उत्तर आलं नाही, दुसऱ्याने लिहिलं की मराठीत या वयाच्या वाचकांसाठी असं पुस्तक चालणार नाही. सरांनी स्पायरल बाइंडिंग करून चार प्रती काढल्या आणि वाचनालयात नोंदवल्या. त्यातली एक हरवली आहे, म्हणजे कोणीतरी परत केलेली नाही. उरलेल्या तीन बहुतेक वेळा बाहेरच असतात.

मागच्या महिन्यात नववी-दहावीतली एक मुलगी प्रत परत करायला आली, तेव्हा काउंटरवर मदतीला मी बसले होते. कशी वाटली, मी विचारलं. तो मेला तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही, ती म्हणाली. कोण मेला, मला क्षणभर कळलंच नाही. मग समजलं, कोटवाला. मी तिला म्हटलं की मला तो कादंबरीतला सगळ्यात कच्चा भाग वाटतो, गोदामातल्या मुली त्याच्यापेक्षा कितीतरी खऱ्या आहेत. तिने दप्तर खांद्यावर नीट घेतलं.

“गोदामातल्या मुली तर आमच्या वर्गातपण हायत,” ती म्हणाली. “तो कुठं असतो?”

मी तिच्या कार्डावर पुस्तक परत केल्याची तारीख घातली. तिने दुसरं काही असं आहे का विचारलं, आणि मी कपाटाशी जाऊन शोधू लागले.